मागील पानावरून पुढे

कॉमर्सवाल्याला इतिहासातलं एकच वाक्य येतं, ते म्हणजे 'मागील पानावरून पुढे'. आमच्या खतावणीत कोणतंही पान कोऱ्या कपाळाने जन्माला येत नसे. पहिल्याच ओळीवर मागच्या पानाची बाकी लिहिलेली असायची. ती कोणी केली, कशापायी केली, हे विचारायचं नाही. मुकाट्याने पुढे ओढायची. बी. कॉम. होऊन बँकेत चिकटल्यापासून गेली वीस-बावीस वर्षं मी हेच करतो आहे. खतावण्या रद्दीत गेल्या, संगणक आले. बाकी मात्र अजून पुढेच ओढली जाते.

एवढ्याशा भांडवलावर मी इतिहास लिहायला बसलो, याला कारण माझा दुसरा धंदा. ज्यात पैसे मिळतात तो धंदा, अशी व्याख्या केली तर तो धंद्यात बसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी हौशी विनोदवीर आहे. दिवसा काउंटरच्या आत बसतो, आणि गणपती, कोजागिरी, कोणाची एकसष्टी, कोणाची सेवानिवृत्ती असल्या निमित्तानं संध्याकाळी उभा राहून वऱ्हाडी किस्से सांगतो. मानधन म्हणून आजवर मला भरपूर शाली मिळाल्या. अकोल्यासारख्या गावी, जिथं मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर बसकण मारतो, तिथं माणसाचा शाल पांघरून सत्कार करणं हाच मुळात कार्यक्रमातला सगळ्यात चांगला विनोद असतो. त्यापुढं माझे किस्से पडले तर नवल नाही.

तर अशाच एका सत्कारात निवेदकाने मला विचारलं, "ही विनोदाची देणगी तुमच्याकडे आली कुठून? घरात कोणी होतं का?" घरात कोणी नव्हतं. आमचे वडील सरकारी नोकरीत होते आणि हसण्यासाठीसुद्धा वरिष्ठांची मंजुरी लागते अशी त्यांची समजूत होती. पण प्रश्न डोक्यात राहिला. बाकी दिसते आहे म्हणजे मागं कोणीतरी रक्कम भरलेली असलीच पाहिजे. ती कोणी भरली, हे शोधायला मी निघालो आणि असं आढळलं की, माझा रोजचा दिवस हाच वऱ्हाडच्या विनोदाचा इतिहास आहे. सकाळी मी तेराव्या शतकात असतो, दुपारी १९०२ सालात, संध्याकाळी १९५६ मध्ये, आणि रात्री कार्यक्रम असलाच तर आजच्या काळात येतो. बँकेचं सर्व्हर चालू असेल तर.

सकाळपासून सुरुवात करू.

आमच्या अमरावतीत सकाळी चहाच्या टपरीवर जो प्रश्न विचारला जातो, तो माहितीसाठी कधीच नसतो. परवा माझ्या स्कूटरमधलं पेट्रोल संपलं. घामाघूम होऊन ती ढकलत आणत होतो. टपरीवरचे एक काका, ज्यांना पेट्रोल, स्कूटर आणि मी तिघांचीही अवस्था स्वच्छ दिसत होती, त्यांनी बशीतला चहा फुंकत विचारलं,

"काऊन भाऊ, गाडीले फिरवून आणून राह्यले काय?"

मी काही सुचायच्या आत बाजूच्या बाकावरून दुसऱ्याने परस्पर उत्तर दिलं, "हाव ना. डॉक्टरनं सांगतलं तिले, रोज सकायी पायी चालत जा म्हून."

झालं. सगळी टपरी हसली, मीही हसलो, स्कूटर तेवढी गंभीर राहिली. या दोघांपैकी कोणीही विनोदवीर नाही. एकाचं पंक्चरचं दुकान आहे, दुसरे निवृत्त तलाठी आहेत. मी मात्र बँकेत पोचल्यावर पहिलं काम कोणतं केलं असेल तर पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीवर हे संभाषण उतरवून घेतलं. कोण होतं, कुठं होतं, कोण काय म्हणालं. माझ्या ड्रॉवरमध्ये अशा स्लिपा शेकड्यांनी आहेत. एकीवरही पैसे निघणार नाहीत.

आता ही पद्धत काही माझी नव्हे. ती म्हाइंभटांची. आमच्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात तिथं गोविंदप्रभू राहत. महानुभाव पंथ त्यांना ईश्वराचा अवतार मानतो. ते गावातून हिंडत, कोणाच्याही घरात शिरत, समोर आलेलं खाऊन टाकत, पोरांबरोबर खेळत, मनात आलं तर रागावत, मनात आलं तर हसत. गाव त्यांना वेडं म्हणे, आणि तेच गाव अडचण आली की त्यांना आई म्हणे, बाप म्हणे. म्हाइंभट हे मोठे विद्वान. त्यांनी काय करावं? ज्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं-ऐकलं होतं, त्यांना गाठून चक्रधरस्वामींच्या आणि गोविंदप्रभूंच्या आठवणी गोळा केल्या. त्यातली एकेक लीळा म्हणजे केवढी? कुठं चार ओळींची, कुठं अर्ध्या पानाची. स्वामी कुठं होते, कोण आलं, काय म्हणालं, त्यावर काय उत्तर मिळालं. त्यात बाजार आहे, विहीर आहे, भाकरी आहे, भांडण आहे. मराठी गद्याची पहिली मोठी रक्कम जमा झाली ती ही अशी, रोजच्या गाठीभेटींची.

भक्तांनी ती भक्तीनं वाचावी, विद्वानांनी अभ्यासानं. मी पडलो कारकून. मला त्यात एवढंच दिसतं की, आमच्याकडे सातशे वर्षांपूर्वीच कोणालातरी वाटलं होतं, गल्लीतलं साधं बोलणं लिहून ठेवण्याच्या लायकीचं असतं. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झालं आहे. उद्या तिथं कोणी टपरीवरच्या बोलण्यावर पीएच. डी. केली तर माझ्या स्लिपा मी विनाशुल्क द्यायला तयार आहे.

हे झालं लिहून ठेवलेलं. न लिहिलेलंही बरंच होतं. पोलिसाच्या वेशात दारी येऊन खोटंच वॉरंट काढणारा बहुरूपी होता. घरधन्याची क्षणभर गाळण उडायची, मग हसून तो त्याच्या झोळीत ज्वारी टाकायचा. पोळ्याला गावाच्या आखरावर तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणण्याची चढाओढ लागायची, अजूनही लागते. झडती म्हणजे यमक जुळवून केलेली सरळसरळ चिमटेगिरी. सावकार, पाटील, पुढारी, कापसाचा भाव, कोणाचीही गय नाही. वर्षभर ज्याच्यापुढं मान खाली घालायची त्याला त्या दिवशी बैलाच्या साक्षीनं चार शब्द सुनवायचे आणि शेवटी हरहर महादेव करून घरी जायचं. पाटलाला राग आला तरी दाखवता येत नसे. सण बैलांचा, त्यात आपण शिंगं उगारली तर लोक काय म्हणतील?

इथवर सकाळ संपते. साडेदहाला काउंटर उघडतं आणि मी १९०२ सालात जाऊन बसतो.

मराठी विनोदाचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आमचेच. जन्म १८७१ चा, नागपूरचा. पण आयुष्याची कमाईची वर्षं गेली वऱ्हाडात. १८९७ मध्ये वकिलीची परीक्षा झाली आणि अकोला, जळगाव-जामोद, खामगाव अशा ठिकाणी त्यांनी वकिली केली. म्हणजे ज्या माणसाला राम गणेश गडकऱ्यांनी गुरू मानलं, तो माणूस दिवसा कोर्टात उभा राहून शेताच्या धुऱ्याचे तंटे चालवत होता. 'बहु असोत सुंदर' हे महाराष्ट्रगीत लिहिणारा कवीही तोच. १९२७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्षही तोच. पण पोट वकिलीवर.

त्यांचा पहिला विनोदी लेख १९०२ मध्ये 'विविधज्ञानविस्तार' मासिकात आला. त्याचं नाव काय असावं? 'साक्षीदार'. मला हे कळलं तेव्हा मी काउंटरवर जवळजवळ उठून उभा राहिलो. वकिलाच्या टेबलासमोर रोज जे येतं तेच त्यानं उचललं. त्या लेखामागून इतर आले, त्यातल्या अठरांचं 'अठरा धान्यांचे कडबोळे' १९१० मध्ये निघालं, आणि १९२३ मध्ये बत्तीस लेखांचं 'सुदाम्याचे पोहे'. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या तिघांनी जुन्या रूढी आणि भोळसट समजुती यांची जी हजामत केली, ती महाराष्ट्रानं हसत हसत करून घेतली. हसता हसता डोक्यावर वस्तरा फिरतो आहे हे काहींच्या उशिरा लक्षात आलं.

वकिलाला साक्षीदार, तसा आम्हाला जामीनदार. कर्जाच्या फॉर्मावर सही करायला माणूस आपल्या जिवलग मित्राला घेऊन येतो. आम्ही रिवाजाप्रमाणे विचारतो.

"यांना तुम्ही ओळखता?"

"मंग? लहानपणापासून एका ताटात जेवलो."

"माणूस कसा आहे?"

"एक नंबर!"

"मग करा इथं सही. यांनी कर्ज नाही फेडलं तर तुम्ही भरायचं."

यावर तो पेन खाली ठेवतो, मित्राकडं प्रेमानं पाहतो आणि म्हणतो, "साहेब, याले मी इतला चांगला ओयखतो, की सही कराची हिंमतच नाई होत."

नोव्हेंबर महिना तर आमच्यासाठी दिवाळी अंकच असतो. पेन्शनवाले हयातीचा दाखला द्यायला येतात. जो माणूस काठी टेकत, दम खात, तीन पायऱ्या चढून माझ्यासमोर उभा राहिला, तो जिवंत आहे की नाही हे त्याच्या अंगठ्याने ठरतं. एका बाबाजींचा अंगठा मशीन घेईना. आयुष्यभर विळा-पावडं धरून रेषाच झिजलेल्या. चारदा पुसून लावला, पाचदा लावला. शेवटी मी म्हटलं, "बाबाजी, मशीन म्हणते तुम्ही नाही."

बाबाजी शांतपणे म्हणाले, "घरी बुढी बी हेच म्हनते. मले वाटे तिलेच दिसत नाई."

रांगेतले सगळे हसले. मी त्यांचा दाखला दुसऱ्या रीतीनं करून दिला. ते गेल्यावर मात्र मला तो अंगठा आठवत राहिला. हसू आणि अंगठा, दोन्ही एकाच पावतीवर होते.

कोल्हटकरांकडं पुन्हा वळतो, कारण त्यांच्या ताळेबंदात मला एक गोष्ट सापडत नाही. अकोल्याला, जामोदला त्यांच्याकडं जे पक्षकार आणि साक्षीदार आले असतील, ते 'मले-तुले' करत आले असतील. "मी तं तठी होतोच नाई, वकीलसायेब," असं म्हणत त्यांनी खोट्या साक्षीची पूर्वतयारी केली असेल. पण सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या बोलतात ती भाषा सदाशिव पेठेतही कोणाला परकी वाटली नसती. काळच तसा होता. छापखान्यात शिरताना भाषेनं चपला बाहेर काढून, पाय धुऊन आत यायचं, असा रिवाज होता. त्यात वऱ्हाडी बोलीच्या पायाला काळ्या मातीचा चिखल जरा जास्तच. ती बाहेरच उभी राहिली. तिला आत घ्यायला दुसरा माणूस यावा लागला, आणि तो कधी शाळेतच गेला नव्हता.

संध्याकाळी बँकेतून सुटलो की माझा रस्ता गाडगेनगरवरून जातो. तिथं गाडगेबाबांची समाधी आहे. जन्म १८७६ चा, शेंडगावचा, म्हणजे अमरावती जिल्ह्यातला. बालपण मूर्तिजापूरकडं दापुऱ्याला मामाच्या घरी, म्हणजे अकोला जिल्ह्यात. आमच्या दोन्ही जिल्ह्यांनी त्यांच्यावर सारखाच हक्क सांगावा अशी त्यांनी सोय करून ठेवली आहे. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. हातात खराटा, डोक्यावर गाडगं. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनातून माणसांची डोकी.

ते कीर्तन म्हणजे काय होतं? पोथी नाही, पांडित्य नाही. बाबा प्रश्न विचारायचे आणि हजारो माणसं एका आवाजात उत्तर द्यायची. देव नैवेद्य खातो का? नाही. मग कोण खातं? मग जो पहारा कोणी दिला नाही तर कुत्र्यालाही हाकलू शकत नाही, त्याच्यापुढं बकरं कशाला कापता? सगळं वऱ्हाडीत, घरात बोलतात तसं. लोक खदखदून हसायचे. आता कारकुनी नजरेनं पाहा. हशा बाबांच्या वाक्याला नव्हता. लोक आपल्याच तोंडून निघालेलं उत्तर ऐकून हसत होते. बाबा फक्त प्रश्न विचारून थांबायचे. ते थांबणं फार अवघड असतं, हे ज्यानं माइकसमोर उभं राहून दोन सेकंद शांतता सोसली आहे त्यालाच कळेल. १९५६ साली मुंबईत वांद्र्याला पोलीस ठाण्यात झालेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे. तो आवाज आजही ऐकता येतो. त्याच वर्षी २० डिसेंबरला वलगावजवळ ते गेले.

माझी एक अडचण मात्र आहे. कर्ज काढून सण करू नका, लग्न करू नका, तीर्थ करू नका, असं हा संत गावोगाव सांगत फिरला, आणि त्याच्याच गावात मी कर्ज वाटणाऱ्या खिडकीत बसतो. समाधीवरून जाताना मी नमस्कार करतो तो जरा घाईतच.

आता रात्र. रात्री कार्यक्रम असला तर बहुधा अकोल्याला असतो, कारण आपल्या गावात आपल्याला कोणी बोलवत नाही हा नियम अमरावतीही पाळते. अमरावती-अकोला रस्त्याला इतिहासात स्वतंत्र स्थान आहे. २०२२ च्या जून महिन्यात या मार्गावर लोणी ते मानाच्या दरम्यान एका मार्गिकेचा ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात गेला. त्याआधी तो किती वर्षं रखडला होता याची नोंद घ्यायला मात्र गिनीजवाले आले नाहीत. आले असते तर आम्ही दोन विक्रम केले असते, आणि पहिला कोणी मोडू शकला नसता.

गाडीत बसून मी वऱ्हाडी बोलीचा विचार करतो. ही बोली अशी का झाली? माझं उत्तर साधं आहे: बदल्या. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १९०३ मध्ये इंग्रजांनी ते मध्य प्रांताला जोडलं. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात बदली झाली, आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. इतक्या शाखांतून बदलून आलेल्या माणसाच्या बोलण्यात चार गावचे शब्द येणारच. 'करून राह्यलो' हिंदीकडून आलं असेल, 'काऊन' कुठून आलं ते काऊनले विचारता? पण मुख्य शाखेतल्या लोकांना ते ऐकून हसू येऊ लागलं. नाटका-सिनेमात वऱ्हाडी बोलणारा माणूस शिरला की तो बहुतेक चहाचा ट्रे घेऊनच शिरायचा. तो काय म्हणाला याला हशा नसायचा, तो कसा म्हणाला याला असायचा.

या हिशेबाला पहिली चूक-दुरुस्ती झाली १९६० साली, उद्धव शेळक्यांच्या 'धग' कादंबरीनं. तिच्यातली कौतिक वऱ्हाडीत बोलते, आणि ते वाचताना कोणालाही हसू आलं नाही. ज्या भाषेत रडता येतं हे एकदा सिद्ध झालं, तिला हसणं मग सोपं राहिलं नाही. अकोल्याच्या विठ्ठल वाघांची कविता 'अरे संसार संसार' या सिनेमातून १९८१ मध्ये घराघरांत पोचली. यवतमाळचे शंकर बडे 'बॅरिस्टर गुलब्या' घेऊन एकट्यानं रंगमंचावर उभे राहिले. खामगावचे पुरुषोत्तम बोरकर यांची 'मेड इन इंडिया' १९८७ मध्ये आली, ती अख्खी वऱ्हाडीत, गावचा पाटील स्वतः बोलतो आहे अशी. ज्या खामगावात कोल्हटकरांनी वकिली केली, त्याच गावात ऐंशीएक वर्षांनी साक्षीदारांनी आपली साक्ष आपल्या भाषेत नोंदवली, असं मी समजतो. डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांनी 'मिर्झा एक्सप्रेस' गावोगाव नेली. आणि २०१४ मध्ये 'चला हवा येऊ द्या' सुरू झाल्यावर आमच्याकडच्या भारत गणेशपुरेंनी दूरदर्शन संचातून सगळ्या महाराष्ट्राला 'काऊन' म्हणायला शिकवलं.

या यादीत एक नाव लोक हमखास घालतात आणि ते तिथलं नव्हे. तेव्हाच्या औरंगाबादचे प्रा. लक्ष्मण देशपांडे १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करत. एकटा माणूस, बावन्न पात्रं. थोरच काम. पण त्यातलं वऱ्हाड म्हणजे लग्नाचं, आणि बोली मराठवाड्याची. आमचे एक काका नाव वाचून मोठ्या अभिमानानं तिकीट काढून गेले होते. परत आल्यावर म्हणाले, "मानूस भल्ला बोलला बाप्पा, पन शेवटपर्यंत वाट पायली, अकोटचा एकबी मानूस विमानात नाई चढला!"

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडं येतो.

काही वर्षांपूर्वी पश्चिमेकडच्या एका मोठ्या शहरात मला कार्यक्रमाला बोलावलं होतं. विंगेत आयोजक हळूच म्हणाले, "सर, जरा अजून गावठी करा ना. आमच्या लोकांना मजा येते." मी स्कूटर ढकलत आणल्याचा असाच एक किस्सा सांगायला घेतला. 'फिरवून आणून' इथपर्यंत आलो, आणि 'राह्यले' म्हटल्याबरोबर सभागृह कोसळलं. काका काय म्हणाले हे अजून सांगायचंच होतं. हशा आधी आला, विनोद मागून एकटाच चालत आला, आणि त्याला कोणी विचारलं नाही. बँकेच्या भाषेत तारणाशिवाय उचल मिळाली. टाळ्या भरपूर पडल्या, शालही मिळाली. पण परतीच्या गाडीत वाटत राहिलं की ही रक्कम माझ्या खात्यात चुकून जमा झाली आहे.

दुसरा कार्यक्रम २०१८ च्या जानेवारीतला, दर्यापूरकडच्या एका खेड्यातला. शाळेच्या पटांगणात सतरंजी, दोन बल्ब, समोर तीनेकशे माणसं. २०१७ चा खरीप म्हणजे गुलाबी बोंडअळीचं वर्ष. त्याच वर्षी जूनमध्ये दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा झाली होती, आणि तिच्या ऑनलाइन अर्जांवर माझा वीस मिनिटांचा ठरलेला कार्यक्रम होता. शहरात हमखास चालणारा. पण समोर पाहिलं तर अर्धी माणसं आमच्याच शाखेची खातेदार. कोणाचं किती थकलंय हे मला आकड्यानिशी माहीत. त्यांच्यासमोर कर्जाचा विनोद कसा करायचा? मी इकडचे तिकडचे लग्नाचे, बैलाचे किस्से सांगत वेळ काढू लागलो. लोक सोसून घेत होते.

तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, थे कर्जाचं सांगा ना. आमी त्याच्यासाठीच त बसून राह्यलो!"

मी थांबलो. खरंच काही सुचेना. शांततेची दोन सेकंदं झाली, चार झाली. मग पुढच्या रांगेतले एक बाबा बसल्याबसल्याच बोलले, माइक नाही, काही नाही.

"यंदा आमच्या पराटीले अळी लागली, साहेब. गुलाबी. पन रंगानं मोठी साजरी हाय. म्या बुढीले म्हनलं, पोरीच्या लग्नात लुगडं घ्याव त अशाच रंगाचं घ्याव."

पटांगण चिडीचूप. मग बाजूच्याने विचारलं, "मंग घेतलं काय?"

"कायचं घेतो बावा," बाबा म्हणाले, "थे लुगडं बी अळीनंच खाल्लं."

जो हशा उठला तसा मी आजवर मिळवलेला नाही. तीनशे माणसं पोट धरून हसत होती, पदरानं डोळे पुसत होती, आणि ते पुसणं नक्की कशाचं हे अंधारात कळत नव्हतं. मग एकामागून एक सगळेच बोलू लागले. कोणी अर्जाचं सांगितलं, कोणी अंगठ्याचं, कोणी व्यापाऱ्याचं. कोणी तर आमच्या शाखेतल्या, दोरीनं बांधून ठेवलेल्या पेनाचं सांगितलं, की "कर्जवाला मोकया सुटते, पेन तेवढा बांधेल हाय!" मी माइक हातात धरून तासभर नुसता उभा होतो. मधूनमधून विचारायचो, "मग?" बस्स, एवढाच माझा कार्यक्रम.

आखरावरची झडती, कीर्तनातला प्रश्न, कोर्टातला साक्षीदार, सगळे एका सतरंजीवर येऊन बसले होते. विनोद तोच, बोलीही तीच. पण या हशाचा धनी समोर बसला होता, त्या हशाचा धनी गावात हजरच नव्हता. नुकसानीवर हसण्याचा अधिकार ज्याचं नुकसान झालं त्याचा. आम्ही हौशी मंडळी फार तर त्याचे मुखत्यार. सही त्याची हवी. म्हणूनच बहुधा आमच्याकडचा विनोदवीर वकील असतो, खराटेवाला असतो, काउंटरवरचा कारकून असतो. माल त्याच्या दारी लोकच आणून टाकतात. आणि म्हणून तेव्हापासून मी शहरात गेलो तरी बोली सांभाळून, आणि काका काय म्हणाले ते आधी सांगून, मगच 'राह्यले' म्हणतो.

त्या कार्यक्रमानंतरच्या सोमवारी ते गुलाबी अळीवाले बाबा बँकेत आले. पासबुक पुढं सरकवलं. त्यातली बाकी मी पाहिली, त्यांनी माझं पाहणं पाहिलं. दोघंही काही बोललो नाही. मी नोंदी छापून पासबुक परत दिलं. जाता जाता खिडकीतून वाकून त्यांनी विचारलं,

"काऊन साहेब, म्या बोललो थे लिहून घेतलं काय कुठी?"

"घेतलं बाबाजी."

"मंग ठुवा जमा," ते म्हणाले. "पन व्याज लावजा बरं त्याले. आमाले लावता तसंच."

ती स्लिप अजून ड्रॉवरमध्ये आहे. व्याज चक्रवाढीनं वाढतं आहे. हा लेख म्हणजे त्यातला पहिला हप्ता. बाकी मागील पानावरून पुढे.